पिवळे त्रिकोण आणि डावा हात

बुलडाण्याजवळच्या चिखलीत, घराच्याच पुढच्या खोलीत, माझा टायपिंगचा क्लास आहे. आधी वडिलांचा होता, आता माझा आहे, आणि बायकोच्या मते अजूनही वडिलांचाच आहे, मी तिथं फक्त ओरडायला बसतो. आठ कॉम्प्युटर, आठ खुर्च्या, एक कूलर, आणि भिंतीवर वडिलांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी : ‘बोटांकडे पाहू नये’. पाटी मशीनच्या काळातली आहे. आमच्या घरात मशीन म्हटलं की अजून टाईपरायटरच समजतात, कॉम्प्युटरला कॉम्प्युटरच म्हणतात.

माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. पण एक सांगा, आठ माणसं रोज तीच चूक आठ ठिकाणी करत असतील तर माणूस शांत राहील कसा? आणि माझ्या इंग्रजीबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण पुढं ते मला नडलं. मी मिनिटाला चाळीस शब्दांनी इंग्रजी टाईप करतो आणि त्यातल्या एकाचाही अर्थ माझ्या डोक्यात शिरत नाही. टाईप करणारा अर्थ लावत बसला की त्याची स्पीड गेली, असं वडील सांगत. मी त्यांचं हे एकच ऐकलं.

तर मागच्या उन्हाळ्यात एक दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चप्पल काढली, आत आल्या, आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमचे केस गेले की हो, सर,” त्या म्हणाल्या.

कॉलेजच्या मुली फिसकन हसल्या. मी ओरडणार तेवढ्यात ओळख पटली. अठराव्या वर्षी आम्ही दोघं वडिलांच्या एकाच बॅचला होतो, शेजारशेजारच्या मशीनवर. वडील लाकडी पट्टी घेऊन मागून फिरायचे आणि माझ्या पाठीशी आले की थांबायचे. “त्या पोरीकडं पाह्य बे, अन् स्वतःकडं पाह्य,” असं मी वर्षभर रोज ऐकलंय. ती पोरगी म्हणजे याच बाई. परीक्षेच्या आधी त्यांचं लग्न झालं आणि त्यांचं टायपिंग तिथंच थांबलं. परीक्षा मी दिली, पास झालो, आणि त्या गेल्याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता, हेही कबूल करतो.

आता त्यांचे यजमान नव्हते. एका सरकारी ऑफिसात ते शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी अनुकंपा म्हणून बाईंना घेतलं. बाई बी. ए. झालेल्या होत्या, म्हणून क्लर्कची खुर्ची मिळाली. अट एकच : मराठी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द, ठरलेल्या मुदतीत परीक्षा पास व्हायची. दोनदा बसल्या, दोन्ही वेळा नापास झाल्या. आता मुदतीत एकच परीक्षा उरली होती. ती गेली तर खुर्ची गेली, फार तर शिपायाच्या जागेवर ठेवतील.

“मले चहा न्याची लाज नाही, भाऊ,” मुली गेल्यावर त्या म्हणाल्या. सर हे चारचौघांत चिडवायला आणि भाऊ हे खरं बोलताना, अशी त्यांची पद्धत मला पुढं कळली. “ह्यांनी वीस वर्षं त्याच टेबलावर चहा ठेवला. कोनतंच काम हलकं नाही. पन एकदा मी त्या खुर्चीत बसली न. आता उठावंसं नाही वाटत.”

मी त्यांना चार नंबरवर बसवलं. चार नंबर हा क्लासातला सगळ्यात धड कॉम्प्युटर. धड म्हणजे तुलनेनं. दुसऱ्या गावचा एक क्लास बंद पडला तेव्हा आठही कॉम्प्युटर मी एका खेपेला उचलून आणले होते, छोट्या टेम्पोत, गाद्यांमध्ये बांधून. आठांचेही डबे, म्हणजे कॅबिनेट, टेबलावरच, पडद्याच्या डाव्या हाताला ठेवलेले. खाली ठेवले तर झाडणारी बाई फडकं पिळून त्यांच्यावर पाणी उडवते.

पहिल्या आठवड्यात बाईंची स्पीड सोळा-सतराच्या घरात. तिथून वर चढायला हवी होती, आणि चढतही होती, पण कॉम्प्युटर अटकायला लागला. टाईप करता करता पडद्यावर अक्षरं यायची थांबत. मोजून चार सेकंद सगळं मुकं. मग पुढची अक्षरं एकदम येऊन पडत. बाई तेवढा वेळ हात वर धरून बसत. परीक्षेच्या वेगाचा सराव चालू असताना चार सेकंद म्हणजे काय, हे टायपिंगवाल्यालाच कळेल. आणि हे एका मिनिटात दोनदा-दोनदा.

माझा पहिला उपाय नेहमीचाच, मी ओरडलो.

“बटनं इतकी जोरात कशाले मारता ताई? कॉम्प्युटर आहे तो, धान्याचं पोतं नाही.”

“तुमच्याच बाबानं शिकवलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “अक्षर कागदाच्या मागून हाताले लागलं पाह्यजे म्हने.”

मग मी विजेवर आलो. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीही बिघडलं, पंखा, टीव्ही, कूलर, की पहिला संशय अर्थिंगवर. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात रोज सकाळी मीठ घातलेलं बादलीभर पाणी ओतायला लागलो. बायको तुळशीला पाणी घालायची, मी अर्थिंगला. “नमस्कार बी करत जा न,” ती म्हणायची. आठ दिवस ओतलं. अर्थिंगजवळच्या कढीपत्त्याला तेवढी भरगच्च पालवी फुटली. चार नंबर होता तसाच अटकत राहिला.

मग धूळ. ब्लोअर आणून आठही कॅबिनेट फुंकले. तीन पाली आणि कुणाची तरी हरवलेली कानातली निघाली, पण अटकणं काही थांबलं नाही.

शेवटी पुण्याला भाचीला फोन लावला. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि मामा म्हणजे तिला विनोदाचा विषय वाटतो. पण पोरगी हुशार आहे. तिनं मला फोनवर एकेक पायरी सांगत कॉम्प्युटरच्या अशा कोपऱ्यात नेलं जिथं मी बारा वर्षांत कधी गेलो नव्हतो. तिथं एक लांबलचक यादी होती. कॉम्प्युटरला जे जे होतं ते तो तारीख-वेळ टाकून लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात, ती म्हणाली. हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या चार नंबरच्या लॉगमध्ये ओळीनं पिवळे त्रिकोण होते, प्रत्येकाच्या पोटात उद्गारचिन्ह.

“वॉर्निंग आहेत त्या, मामा. काय लिहिलंय ते वाचून दाखव.”

मी वाचायला लागलो. “कॅपिटल टी, एच, ई, स्पेस, कॅपिटल आय, कॅपिटल ओ, स्पेस...”

“मामा, शब्द वाच ना.”

“शब्द तू जुळव, मी अक्षरं सांगतो,” मी म्हणालो. मला येतं ते मी करत होतो. सात मिनिटं लागली, पूर्णविरामासकट सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, डिस्कला काम सांगितलं, डिस्कनं ऐकलं नाही, म्हणून तेच काम परत सांगावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ आहे. मला हे फारच ओळखीचं वाटलं. क्लासात मी दिवसभर तेच करतो.

“डिस्क जायला आलेली असेल, नाहीतर केबल सैल असेल. केबल बघितलीस का?”

“केबल लावेल आहे. मी काय आंधळा आहो?” मी म्हणालो. कॅबिनेटच्या मागं ज्या वायरी येतात त्या मी खरंच दाबून पाहिल्या होत्या. कॅबिनेटच्या पोटातही एक केबल असते आणि ती याच कामाची असते, हे मला माहीत नव्हतं. आणि मी इतक्या ठसक्यात बोललो की भाचीनं पुढं विचारलं नाही. माझ्या रागानं माझं आजवर जे नुकसान झालंय त्यात हे एक लिहून ठेवा.

मग डिस्क खराब आहे असं धरून मी सहा नंबरचा कॅबिनेट उचलून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि चार नंबरचा सहाच्या जागी, एका कॉलेजच्या मुलीला दिला. दुसऱ्या दिवशी लॉग पाहिला. मुलीकडे गेलेला चार नंबर स्वच्छ, एक त्रिकोण नाही. आणि ज्याला कधी शिंकही आली नव्हती त्या सहा नंबरमध्ये पिवळी रांग.

म्हणजे टेबलाजवळच्या विजेच्या बोर्डात खोट, असं म्हणून बाईंना दुसऱ्या टेबलावर बसवलं. त्रिकोण तिथं आले. तिसऱ्या टेबलावर बसवलं. तिथंही आले. त्या जिथं बसत तिथं कॉम्प्युटर आजारी पडे आणि त्या उठल्या की बरा होई. मुली आपसात पैजा लावायला लागल्या. बायकोनं सरळ मीठ-मिरच्या हातात घेतल्या.

“ताई, तुमाले चालते का?” तिनं आधी विचारलं, कारण बाई बौद्ध आहेत आणि त्यांच्याकडे असलं काही करत नाहीत.

“आम्ही नाही मानत दृष्ट-बिष्ट,” बाई म्हणाल्या. “पन कॉम्प्युटर मानत असंन तर त्याची काढा.”

बायकोनं सहा नंबरवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका आम्हालाच लागला. त्या संध्याकाळी सहा नंबर नेहमीपेक्षा जास्त वेळा अटकला.

असे दोन महिने गेले. स्पीड सव्वीसवर येऊन ठेपली आणि तिथंच चिकटली. मी वैतागलो होतो, आणि माझा वैताग कॉम्प्युटरवर निघाला असता तर ठीक, तो बाईंवर निघाला. “तुमचं ध्यान नाही,” म्हणालो. “दोनदा नापास काऊन झाल्या ते आता समजलं मले,” असंही म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो. बाईंनी धडा पुरा केला, पुस्तक मिटलं, खुर्ची सरळ केली.

“राहू द्या, भाऊ,” दारात चप्पल घालताना म्हणाल्या. “मशीन बदललं, टेबल बदललं. आता बदलासारखी मीच राह्यली. माझ्याच हातात काही खोट आहे.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षेला बारा दिवस उरले होते. आठही कॉम्प्युटर त्या दोन दिवसांत एकदाही अटकले नाहीत, आणि मला ती शांतता सहन होईना. बायको जेवायला वाढायची आणि आत निघून जायची.

भाचीला पुन्हा फोन लावला. आवाज माझाच मला नरम वाटला. ती म्हणाली, मामा, मजकूर नको सांगूस, फक्त वेळा सांग, प्रत्येक त्रिकोणापुढं तास-मिनिट-सेकंद असतील ते. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात यायला लागलं. मी आयुष्यभर स्टॉपवॉच हातात धरून बसलेला माणूस आहे, सेकंद मला दुसऱ्यानं सांगावे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यातल्या दोन त्रिकोणांमध्ये छत्तीस सेकंद. पुढच्या दोघांमध्ये छत्तीस. मग सदतीस. मग एकदम बहात्तर, म्हणजे मधला एक चुकला होता. मग पुन्हा छत्तीस.

“मामा,” भाची म्हणाली, “कॉम्प्युटर बिघडला तर तो असा ठेक्यात नाही बिघडत. हे कुणीतरी माणूस करतंय.”

मी चिडलो नाही. खरं सांगतो, मला भीतीच वाटली. बायकोला म्हणालो, ताईंना फोन लाव, माझ्यासाठी येणार नाहीत, तुझ्यासाठी येतील. बायकोनं लावला. काय बोलली माहीत नाही, दार लावून बोलली. संध्याकाळी बाई आल्या.

मी त्यांना सहा नंबरवर बसवलं, पुस्तक समोर ठेवलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून खुर्चीत डोळे मिटून बसलो. म्हटलं, रोज बोटांकडे पाहतो, आज फक्त ऐकू. बाईंनी सुरुवात केली. खटखट, खटखट, मध्ये स्पेसचा जाड आवाज, पुन्हा खटखट. दहा शब्द झाले. आणि धप.

पुन्हा दहा शब्द. धप.

मला आमची जुनी पुढची खोली दिसली, सहा मशीन, उकाडा, मागं पट्टी घेऊन वडील. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, टिंग, आणि लगेच डावा तळहात जाऊन लिव्हरवर बसायचा, धप, की गाडी सरकून नवी ओळ सुरू. “ओळ संपली की डावा हात,” वडील म्हणायचे. “पाहाचं नाही. हाताले आपोआप समजलं पाह्यजे.”

मी वळून पाहिलं. बाईंचे डोळे पुस्तकावर. छापलेली ओळ संपली की डावा हात आपोआप उठायचा, डावीकडे जायचा, आणि जिथं लिव्हर असायला हवी होती तिथं, म्हणजे कॅबिनेटच्या कुशीत, सणसणीत थापड बसायची. कॉम्प्युटरची ओळ आपली आपण वळते, त्याला कुणी ढकलावं लागत नाही, हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, दोन महिने रोज मागं फिरणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? मीही स्वतःला तेच विचारलं. ज्या घरात मी पाळण्यात असल्यापासून तो धप ऐकत मोठा झालो, त्या घरातल्या कानाला तो ऐकू येणार कसा? टायपिंग म्हटलं की तो आवाज असायचाच. आणि मुलींना विचारलं तर एक म्हणाली, “सर, आम्हाले वाटलं काकूंले राग येते कॉम्प्युटरचा. तुमाले येते तसा.”

कॅबिनेट उघडला. आतली केबल बोटानं हलवली तर दातासारखी हलली. आठही कॉम्प्युटरच्या केबली त्याच जातीच्या, पकडून ठेवायला खटका नसलेल्या. थापड बसली की केबल क्षणभर सुटायची, डिस्क गोंधळायची, चार सेकंदांनी शुद्धीवर यायची, आणि कॉम्प्युटर आपल्या वहीत एक पिवळा त्रिकोण काढून ठेवायचा. कॉलेजच्या मुलींनी जन्मात मशीन पाहिलेलं नाही, त्यांचा हात कशाला जाईल डावीकडे?

बाई खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या, तळहात मांडीत लपवलेला. “म्हंजे माझ्याच हातात खोट,” त्या म्हणाल्या.

“थांबा जरा,” मी म्हणालो, आणि त्या ज्या ज्या कॉम्प्युटरवर बसल्या होत्या त्यांचे लॉग एकेक करून उघडून दाखवले. दहा शब्दांची ओळ. एक त्रिकोण म्हणजे त्यांची एक संपलेली ओळ. मला बाकी काही येत नसेल, पण एवढा हिशोब मी झोपेतही करतो. पहिल्या आठवड्यात एका ओळीला छत्तीस सेकंद. महिन्यानं तीस. मग सत्तावीस. ज्या दिवशी मी त्यांना टाकून बोललो, त्या दिवशी तेवीस. आणि त्या तेवीसमध्ये चार सेकंद कॉम्प्युटर बेशुद्ध. उरले एकोणीस. एकोणीस सेकंदांत दहा शब्द.

“एकतीसच्या वर झाले, ताई,” मी म्हणालो. “तुम्ही त्या दिवशीच पास होत्या.”

त्या पडद्याजवळ सरकल्या. चष्मा वर केला, एकेक वेळ बोटानं लावून पाहिली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी त्यांची प्रगती कुठं लिहून ठेवली नव्हती. कॉम्प्युटरनं ठेवली होती, तक्रार म्हणून. मला माझी फार लाज वाटली, आणि ती मी बोलून दाखवली. “चुकलं माझं,” म्हणालो. आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. लग्नाला वीस वर्षं झाली, बायकोनं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं असावं.

“सर,” बाई म्हणाल्या, म्हणजे चिडवायच्या सुरात परत आल्या, “हे छापून देता का? घरी लावते भिंतीले.”

त्याच दिवशी कॅबिनेट खाली उतरवले आणि बसस्टँडजवळच्या दुकानातून खटक्याच्या केबली आणून टाकल्या. झाडणाऱ्या बाईची मी वेगळी समजूत काढली. आता उरला हात. मी म्हणालो, ओळ संपली की हात आवरा. त्यांनी आवरला, आणि स्पीड एकदम एकोणीसवर आली. सगळं ध्यान हाताकडे. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. त्या हाताबरोबरच त्यांची पुढची ओळ सुरू व्हायची, मध्ये विचार नसायचा. दहा-अकरा दिवसांत तो मोडून नवा बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. माझ्या बापानं बसवलेला होता तो.

म्हणून हात चालू ठेवायचं ठरलं. बायकोनं सरकीची एक छोटी गादी शिवून दिली, कॅबिनेटच्या जागी ठेवायला. तिच्यावर धप होऊ लागला आणि स्पीड बत्तीस आली. मग बायकोच म्हणाली, परीक्षेत गादी कोण नेऊ देईल? मग गादी काढली आणि हात हवेत मारायचा सराव सुरू केला. डावीकडच्या खुर्चीवर कोणी बसायला तयार होईना. एक मुलगी बसली ती तोंडाला ओढणी घट्ट बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून. मी ओरडलो नाही, कारण मलाही हसू आलं होतं.

परीक्षा बुलडाण्याला होती. मी एस. टी.नं त्यांच्यासोबत गेलो. आत सोडत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि अर्ध्या तासात चारदा चहा प्यालो. आपल्या परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना.

“बाजूले एक गडी होता,” त्या म्हणाल्या. “त्याले आधीच सांगून ठेवलं, भाऊ, जरा सरकून बस. पेपर घेणारे साहेब दोनदा येऊन पाहून गेले. मॅडम, माशा आहेत काय म्हने इथं.”

“अन् स्पीड?”

“ते मले काय माहीत? मी बोटाकडं नाही पाह्यलं.”

निकाल महिन्यानं लागला. बाई पास झाल्या. माझ्याकडे यायच्या आधी त्या आत बायकोकडे गेल्या, आणि दोघी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. ऑफिसातला कॉम्प्युटर अटकून राहिलाय, दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडत नाही, तुम्ही येऊन जाता का. मी निघताना एक खटक्याची केबल खिशात टाकली. ऑफिसात त्यांचं टेबल खिडकीजवळ होतं, फायलींचा ढीग, पडदा, आणि पडद्याच्या डाव्या हाताला कॅबिनेट. लॉग उघडला. आता मला वाट पाठ होती. पिवळे त्रिकोण ओळीनं, सारख्या अंतरानं उभे होते. मी साहेबांना म्हणालो, किरकोळ आहे, आणि दहा मिनिटांत केबल बदलली.

“कॅबिनेट खाली ठेवू का?” शिपायानं विचारलं. नवा होता.

“नको,” मी म्हणालो. “तिथंच राहू दे.”

बाईंनी एक पत्र टाईप करायला घेतलं, तपासून पाहायला. दहा-बारा शब्द झाले आणि धप. कॉम्प्युटर अटकला नाही. मी मागं उभा होतो, आणि माझा डावा हात मांडीवर हलकेच आपटला हे माझं मलाच नंतर कळलं. पट्टी घेतलेले वडील मागं असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, आणि या वेळी मी ते मुकाट ऐकलं असतं.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि ग्लास टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवू लागला. बाईंनी टाईप करता करताच मान हलवली.

“उजवीकडं ठेव, दादा. डावीकडं माहा हात जाते.” मग थांबल्या, ग्लासाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आमचे हे डावीकडंच ठेवत असतीन, भाऊ. पन तवा इथं मी नव्हती न.”